आमच्या हेडबाई

हेडबाईंना माइक लागत नसे. गावच्या सभागृहात शाळेसंबंधी बैठक असली की बोलणाऱ्यांसाठी मध्यभागी माइक ठेवलेला असायचा. त्या तो हाताने बाजूला सारत आणि नागपूरच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज इथे श्रूजबरीत लावत. नाव संध्याताई, पण आम्हा मराठी बायकांत त्या हेडबाईच. बारा वर्षं गणित शिकवून नवऱ्यामागून अमेरिकेत आल्या होत्या. व्हिसा असा, की नोकरी करायची नाही. "रिकामं बसून डोकं गंजून राहिलं माझं," असं त्या सगळ्यांना सांगत.

डोक्याला काम दिलं ते त्यांच्या मुलीने. इरा तिसरीत होती. वर्गात बेरजा चालत आणि ही घरी अपूर्णांक सोडवत बसे. हेडबाई शाळेत विचारायला गेल्या, तर तिच्या वर्गाच्या बाईंनी हसून सांगितलं, "शी इज डुइंग फाइन." त्या मला म्हणाल्या, "अगं, फाइन तर ती आहेच. पुढे काय, ते विचारायला गेले होते ना मी!"

त्याच सुमारास शेजारच्या लिंडा नावाच्या निवृत्त शिक्षिकेने त्यांना चार्टर स्कूलबद्दल सांगितलं. पैसा सरकारचा, फी नाही, पण शाळा कशी चालवायची ते आपण ठरवायचं. आधी राज्याची परवानगी मात्र मिळवायची. हेडबाईंनी त्या दिवसापासून दुसरा विषय काढला नाही. त्यांच्या डायनिंग टेबलाभोवती आम्ही आठ-दहा जण जमू लागलो. मुलाने आपल्या वेगाने गणित शिकायचं, वय काही का असेना, ही त्यांची कल्पना.

आपल्या लोकांना मात्र प्रवेश परीक्षा हवी होती. माझा नवराच म्हणाला, "ताई, हुशार मुलांचीच शाळा करू. बाकीच्यांना घेऊन काय उपयोग?"

"परीक्षा घेता येत नाही. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची, असा नियमच आहे," हेडबाई म्हणाल्या. "आणि घेता आली असती तरी मी घेतली नसती. हुशार पोरं निवडून घ्यायची, तर मास्तर कशाला पाहिजे?"

त्यानंतर तीन कुटुंबं बैठकीला यायची बंद झाली.

जाहीर सुनावणी वादळी झाली. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, की एकेक मूल तुमच्याकडे गेलं की त्याच्याबरोबर आमचा पैसाही जातो. उद्या माझी संगीताची शिक्षिका जाईल. आमच्यातल्या कोणीतरी कुजबुजलं, "ड्रामा करतोय यार." हेडबाईंनी त्याला तिथेच गप्प केलं. "ते खोटं नाही बोलत. मी त्यांच्या खुर्चीत असते तर हेच बोलले असते." मग उठून त्या बोलल्या ते मात्र आपल्याच बाजूने.

परवानगी मिळाली. सोडत एका चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर काढायची, हा हट्ट त्यांचाच. लिंडा चिठ्ठ्या काढून नावं वाचत होती. माझ्या निखिलचं नाव आलं. इराचं आलंच नाही. ती प्रतीक्षा यादीत गेली, तीही पार तळाशी.

हॉल ओळखीच्या लोकांनी भरलेला होता आणि कोणालाच त्यांच्याकडे बघवेना. इरा एवढंच म्हणाली, "बट आई, यू मेड द स्कूल!" हेडबाई तिच्यापुढे खाली बसल्या. "हो बाळा. पण माझ्यासाठी नाही केली ना." आमच्यातले एक काका पुढे होऊन म्हणाले, "एका नावाने काय बिघडतं? करू ॲडजस्ट." हेडबाईंनी मान हलवून नकार दिला. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मात्र त्या हमसून हमसून रडल्या. मी शेजारी बसले होते. निखिलचं नाव आल्याचा आनंद कुठे ठेवावा, मला कळेना.

शाळा सुरू झाल्यावर त्या येणार नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी इराला गावच्या शाळेच्या बसमध्ये बसवून त्या थेट नव्या शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. नोकरी करता येत नव्हती, म्हणून बिनपगारी शिकवायला गणिताला घाबरणारी मुलं त्यांनी मागून घेतली. केविन नावाचा एक मुलगा भागाकार दिसला की टेबलाखाली शिरायचा. हेडबाई खुशाल त्याच्याशेजारी खाली बसून शिकवायच्या. वसंतापर्यंत दोघंही टेबलाच्या वर आली.

तीन वर्षांनी इराचा नंबर लागला. हेडबाई पेढे घेऊन आल्या आणि इराने येणार नाही म्हणून सांगितलं. गावच्या शाळेत तिच्या मैत्रिणी होत्या, ऑर्केस्ट्रात व्हायोलिन होतं, आणि आता तिला वरच्या वर्गाच्या गणिताला बसू देत होते. दोन दिवसांनी हेडबाई मला म्हणाल्या, "पालकांना निवड पाहिजे, निवड पाहिजे, म्हणून मी गावभर ओरडले. पोरीलाही पाहिजे असेल, हे डोक्यातच नाही आलं बघ."

२००८च्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याला दुसऱ्या राज्यात, नोव्हायला, नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी आम्ही डबे घेऊन गेलो. इरा मागच्या सीटवर व्हायोलिन कवटाळून रडत होती. तिला तिची गावातली शाळा सोडवत नव्हती. हेडबाईंनी काच खाली केली, माझा हात धरला आणि आयुष्यात प्रथमच इतक्या हळू बोलल्या, की मला वाकून ऐकावं लागलं.

"शाळेसाठी एवढं रडते म्हणजे चांगलीच होती गं ती शाळा. त्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगशील?"

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं.