लमदुआनचे आठ दिवस

लमदुआनला क्लिनिकात सतरा वर्षं सगळे 'ताई' म्हणत आले. कोरात शहरातल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर लेसरने चेहऱ्याच्या सुरकुत्या घालवायचं ते क्लिनिक. आलेल्या बाईच्या तोंडाला बधिर करायचं मलम फासायचं, डोळ्यांवर झाकण्या बसवायच्या, आणि लेसर सुरू झाला की तिचा हात धरून उभं राहायचं, हे लमदुआनचं काम. त्या मार्चमध्ये एक पंचविशीची पोरगी काउंटरशी आली नि म्हणाली, "मावशी, डॉक्टर कधी येतील हो?" लमदुआनने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

थोरले डॉक्टर घरी बसले होते आणि आता त्यांची मुलगी अरुणवदी क्लिनिक बघायची. तिने ते 'मावशी' ऐकलं आणि दुपारी बोलावून घेतलं.

"ताई, राग मानू नका. पण दारात पहिला चेहरा तुमचा दिसतो. बायका म्हणतात, इथल्याच बाईला गुण नाही, तर आम्हाला काय येणार?"

"मग मला मागे टाका. टॉवेल धुईन."

"छे हो! चेहराच करून देते तुमचा. आठ दिवस भरपगारी रजा."

लमदुआन त्रेपन्न वर्षांची होती. कपाळावर तीन आठ्या, डोळ्यांच्या कडांना जाळी, ओठांभोवती बारीक चुण्या. त्यांचं तिला काही वाटायचं नाही. आरशापुढे उभं राहायला वेळ कुणाला होता? घरी सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पहाटे पाचला उठून तिला पुसून काढायचं, कूस बदलायची, भाताची पेज भरवायची, मग क्लिनिक. संध्याकाळी परत तेच. नवरा थवी दिवसभर प्रवासी गाडी चालवायचा. माणूस वाईट नव्हता. पण आईचं करणं हे बायकोचं काम, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्यावर कधी बोलणंच झालं नाही.

जेवताना तिने सांगितलं, "आठ दिवस ऊन नको, चुलीची वाफ नको, घाणीत हात नको. जखमेत काही गेलं तर चेहरा सडेल."

थवीने घास तसाच हातात धरला. "मग आईचं?"

शेवटी त्याने गावाकडे धाकट्या बहिणीला, थोंगबायला फोन लावला. पलीकडचं हसू लमदुआनला ताटापर्यंत ऐकू आलं. "काय रे, वहिनी या वयात नटी व्हायला निघाली की काय?"

ठरल्या दिवशी लमदुआन क्लिनिकातल्या पलंगावर आडवी झाली. मलम पाऊण तास राहू द्यायचं असतं, पण त्या दिवशी गर्दी होती, तिचं वीस मिनिटांतच पुसलं. डोळे झाकले गेले, यंत्र टकटक करू लागलं. कपाळावर तापलेल्या सुया टोचाव्यात तसं झालं नि करपलेल्या केसांसारखा वास आला. हा वास तिने हजारदा घेतला होता, आज तो स्वतःचा होता. नवी मुलगी फाय धूर ओढणारी नळी धरून उभी होती, तिचे दोन्ही हात अडकलेले. लमदुआनने आपल्याच डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला.

"दुखतंय का, ताई?" अरुणवदीने विचारलं.

"चालू द्या."

घरी आल्यावर चेहरा लालभडक होऊन सुजला, मग त्यावर तपकिरी ठिपक्यांची जाळी उठली. गावाहून आलेल्या थोंगबायने दारातच तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हे पैसे देऊन करतात?"

लमदुआनने पडदे ओढले आणि ती झोपली. उठली, व्हॅसलीन लावलं, पुन्हा झोपली. भिंतीपलीकडे सासूच्या हाका, थोंगबायची धावपळ, भांड्यांचा आवाज. चौथ्या दिवशी नणंद कमरेवर हात ठेवून दारात आली. "वहिनी, हे तू रोज करतेस? नोकरी करून?"

"हं," लमदुआन म्हणाली आणि कुशीवर वळली.

खपल्या गळल्या. ती कामावर गेली तर सगळ्या म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस. अरुणवदी खूश. लमदुआनने आरशात पाहिलं. कातडी गुळगुळीत झाली होती खरी. पण डोळ्यांखालचा काळेपणा उतरला होता, तो लेसरने नव्हे, झोपेने, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

महिन्याभरात तो काळेपणा परत आला. सप्टेंबरात ती आपणहून अरुणवदीच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, माझं परत एकदा करा."

"एवढ्यात? अजून गरज नाही, ताई."

"असू दे. करा. आठ दिवस मिळतील ना?"

अरुणवदीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तारीख लिहून दिली.

थोंगबाय पुन्हा आली. या वेळी हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खलबत्त्यात मिरच्या कुटता कुटता म्हणाली, "वहिनी, खरं सांग. चेहरा तर चांगला होता. कशाला जाळून घेतलास?"

लमदुआन म्हणाली, "झोपायला."

बत्ता थांबला. "मग नुसतं बोलवायचंस मला!"

"आली असतीस?"

थोंगबायने मान खाली घातली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "नसते आले. शेताचं कारण सांगितलं असतं."

त्या रात्री जेवताना ती भावाला म्हणाली, "कापणी उरकली की आईला सहा महिने मी नेते. आणि दादा, इथे असेल तेव्हा संध्याकाळचं पुसणं तू करायचंस. आई तुझीही आहे."

थवीने भात परत वाढून घेतला नाही.

डिसेंबरात थवीच्या गाडीत गादी घालून म्हातारीला गावी नेलं. लमदुआनने रबरी चादर, औषधं, पेजेचा खोल चमचा असं सगळं बांधून दिलं. म्हातारीने निघताना तिचं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी लमदुआनला पाचलाच जाग आली. थंडी होती. ती सासूच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसून राहिली. झोप येत नव्हती. उजाडल्यावर तिने उशीची खोळ काढली आणि धुवायला टाकली.