कुडकुडणं थांबलं तेव्हा

जावेचं कुडकुडणं थांबलं तशी सासू म्हणाली, "उतरली गो थंडी. आता चहा पाज तिला."

मी चहाची वाटी तिच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. थंडी उतरली नव्हती. जाऊ माझ्या चुलीसमोर आडवी पडली होती. साडी अंगाला चिकटलेली, केसांतून पाणी गळतंय. इतका वेळ तिचे दात वाजत होते, ते बंद झाले होते. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुठंच नव्हती. मी तिच्या तोंडात बोट घातलं. तोंड आतून गार होतं.

पावसात जन्मलेली करडं मी लहानपणापासून हाताळली आहेत. करडू थरथरत असेल तोवर घाई नाही. थरथर थांबली आणि तोंड आतून गार लागलं, की ते जायच्या वाटेवर असतं. आणि अशा करडाला दूध पाजायचं नसतं. ते गिळत नाही, दूध छातीत उतरतं आणि करडू जास्तच लवकर जातं. माणसाचं वेगळं असेल असं मला वाटलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. एवढंच शिक्षण आणि बकऱ्या, दुसरं मला काही येत नव्हतं.

"चहा नको," मी म्हटलं. "ओलं काढा आधी."

सासूनं दाराकडे बघितलं. जावेला खांद्यावरून उचलून आणणारे शेजारचे दोघे अजून ओटीवर पाणी निथळत उभे होते.

"भरल्या घरात उघडी करतंस तिला?"

"मग मरू दे सवाष्ण साडीसकट."

सासू उठली, दोघांना बाहेर घालवलं आणि दाराला आतून अडसर लावला.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या डोंगरावर. तेव्हा रस्ता नव्हता. खाली जायचं तर पायवाट, आणि पावसाळ्यात मधला ओढा भरला की तीही बंद. माझा नवरा मुंबईला कामाला, वर्षातून दोनदा वीर स्टेशनला गाडीतून उतरायचा आणि उरलेला रस्ता शिव्या देत चढायचा. घरात आम्ही तिघी बायका आणि धाकटा दीर, जावेचा नवरा. म्हशी, बकऱ्या, थोडी नाचणी, थोडी वरी. घर एक, पण चुली दोन. जावेच्या माहेरची माणसं आली होती तेव्हा मी तिच्या भाकरीला शेणी म्हटलं. भाकरी तशीच होती. त्या दिवसापासून तिनं कूड घालून अर्धं घर वेगळं केलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. वर्ष होऊन गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी रेडकू ओढ्यापलीकडे सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर राहिलं. पाऊस सकाळपासून उभा होता आणि वारा असा की इरलं डोक्यावर धरवत नव्हतं. इरली तशी तोवर गेलीच होती. सगळे प्लॅस्टिकचा कागद पांघरायचे. कागद हलका, पण वाऱ्यात उडतो आणि आतून अंग ओलंच राहतं. जुनी घोंगडी भिजली की मणाची होते, तरी ऊब धरते. दिरानं कागद घेतला. जावेनं तर मुंबईहून आलेली नायलॉनची साडी नेसली होती, लवकर वाळते म्हणून. दोघं कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून गेली. रेडकू सापडलं नाही. जाऊ पडत-धडपडत चालायला लागली, एकदा खाली बसली ती उठेचना. दिरानं तिला पाठुंगळी घेऊन ओढ्याच्या अलीकडे आणलं. तिथं शेजारचे दोघे भेटले, त्यांच्या खांद्यावर तिला दिलं आणि म्हणाला, "तुम्ही चला. मी रेडकू घेऊन येतो."

ते दोघे मला नंतर म्हणाले, तो हसत होता. त्यांना वाटलं, एवढा हसतोय म्हणजे बरा आहे.

आम्ही जावेची साडी सोडली. सोडली म्हणजे काय, निऱ्या निघत नव्हत्या, शेवटी विळीनं फाडली. पोलकं कापलं. तिला पुसताना सासू तळपाय जोरजोरात चोळायला लागली. मी म्हटलं, चोळू नका, नुसतं टिपा. त्यामागे काही शहाणपण नव्हतं. तिची मान एवढी सैल हलत होती की मला भीती वाटली, काहीतरी तुटेल. चुलीपासून तिला थोडं लांब ओढलं. खाली पेंढा, त्यावर गोधडी. कोरडी घोंगडी घरात एकच होती, वारलेल्या सासऱ्यांची.

मग मी माझं लुगडं सोडलं आणि तिच्याशेजारी आडवी झाले. तिची छाती माझ्या छातीला लावली, तिचे हात माझ्या काखेत घेतले आणि सासूला म्हटलं, घोंगडी डोक्यावरून टाका दोघींच्या.

गारठलेलं करडू आम्ही असंच पदरात घ्यायचो. पण करडू एवढंसं असतं. ही माझ्याएवढी बाई, आणि अंग असं गार की माझ्याच पोटात कळ आली. थोड्या वेळानं मीच कुडकुडायला लागले. ती नाही.

सासूनं दोन विटा चुलीत तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि जावेच्या पायाला लावल्या. मीच सांगितलं तसं.

असा बराच वेळ गेला. पाऊस कौलांवर तसाच. बाहेर अंधारून आलं होतं, दिवस अजून मावळला नव्हता तरी. तेवढ्यात ओटीवर पावलं वाजली आणि शेजाऱ्याचा आवाज आला.

"आत्याबाय, दार उघडा. तुमच्या पोराला आणलाय."

"काय झालं तेला?"

"झालं काय नाय. चालतोय आपल्या पायानं. लावून आलाय वाटतं. कागद टाकलान, सदरा काढलान, म्हणतोय लय उकडतंय."

पाठोपाठ दिराचा आवाज. जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. "वैनी, रेडकू नाय गावलं," म्हणाला, आणि हसला. दीर प्यायचा, हे वाडीला माहीत होतं. पण सड्यावर दारू कुठून येणार? आणि त्या पावसात उघड्या अंगाला उकडतं कुणाला?

मी घोंगडीतून ओरडले, "आत आणा तेला! आत घ्या!"

सासू अडसराला हात लावून उभी राहिली. "तू उघडी, ती उघडी. पुरुषांना आत घेऊ?"

"घोंगडी हाय ना अंगावर!"

"चार पुरुष हायत बाहेर. वाडीत तोंड दाखवायचंय मला."

मी उठू शकत होते. हे मी खरं तेच लिहिते. उठून लुगडं गुंडाळून दार उघडायला किती वेळ लागतो? पण मी उठले की घोंगडीत वारा शिरणार, आणि जावेच्या छातीत आत्ता कुठं ऊब धरल्यासारखी वाटत होती. तो चालत होता, बोलत होता. ही दोन्ही करत नव्हती. माझ्याकडे अंग एकच होतं.

सासू दारातूनच म्हणाली, "शेजारी घेऊन जा तेला. शेक द्या जरा."

मी पुन्हा ओरडले, "ओलं काढा सगळं! कोरड्यात गुंडाळा आणि कोणीतरी कुशीत घ्या तेला!"

बाहेरचे हसले. "पुरुषाला पुरुष कुशीत घेतो काय, वैनी? आम्ही देतो तेला चांगलं औषध."

ते गेले. पावलांचा आवाज पावसात बुडाला.

पुढचं मला शेजारणीनं सांगितलं. त्यांनी दिराला चुलीजवळ बसवलं. गावठीचा ग्लास दिला, तो त्यानं अर्धा सांडला. हातांनी धरवत नव्हतं. त्या घरात एक म्हातारे होते, गुडघ्यांसाठी दरवर्षी सवला गरम पाण्याच्या कुंडात बसायला जायचे. ते म्हणाले, सवच्या पाण्यात बसवलं तर मेलेला उठेल, पण आता खाली कोण नेणार, तर घरीच सव करा. न्हाणीत हंडा तापलेला होताच. कढत पाणी त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून ओतलं. सगळ्यांनी मायेनंच केलं. वाडीत त्याचा वैरी कोणी नव्हता. अंग लाल झालं, सगळ्यांना वाटलं रक्त फिरलं. मग "ऊठ आता" म्हणाले. तो उठला, आणि उभ्याचा खाली आला.

इकडे घोंगडीत जावेच्या पाठीला एक बारीक थरथर आली. मला आधी वाटलं माझीच. मग तिचा जबडा हलला आणि दात वाजले, माझ्या कानाशी, कडकड कडकड. एवढं चांगलं मला आयुष्यात काही ऐकू आलेलं नाही. थोड्या वेळानं सगळं अंग गदगदा हलायला लागलं. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. मग जड जिभेनं म्हणाली, "तुझ्या अंगाला बोकडाचा वास येतो."

वर्षभरानंतर हे पहिलं बोलणं.

"येऊ दे," मी म्हटलं. "तुझ्या भाकरीपेक्षा बरा."

त्याच वेळी शेजारून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला. एकीचा, मग दोघींचा. सासूनं अडसर काढला आणि पावसात तशीच धावली, डोक्यावर काही न घेता. दार उघडं राहिलं, पण आता घोंगडीत वारा आला तरी चालण्यासारखं होतं.

"कोण रडतंय गो?" जावेनं विचारलं.

"कोण नाय. गप पड."

"हे आले का?"

"आले. शेजारी बसलेत."

ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिला गिळता येतंय का ते बघायला मी आधी चमच्यानं पाणी दिलं. गिळलंन. मग गुळाचा कोरा चहा, थोडा थोडा, तिला बसती करून, पाठीला मी. मग नाचणीची पेज. रडणं कशाचं ते मला कळलं होतं, पण पोटात ऊब गेल्यावरच मी तिला सांगितलं, तो गेला. ती ओरडली नाही. घोंगडी तोंडात धरून बसली. मी लुगडं नेसले आणि सासूला आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. दुपारी दिराला वाडीतच अग्नी दिला. त्याच्या पुढच्या दिवशी ओढा उतरल्यावर जावेला डोलीत घालून पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं, कारण विटांनी तिचे तळपाय भाजले होते. तेव्हा पायांत जाणीवच नव्हती, तिला कळलं नाही आणि मला दिसलं नाही. तिथल्या सिस्टरनं फोड बघितले आणि मला विचारलं, "काय लावलं होतं?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ओलं काढलंत, अंगाशी घेतलंत, शुद्ध येईपर्यंत काही पाजलं नाहीत, चांगलं केलंत. पण गरम करायची ती छाती, काखा, मान. हातपाय आधी शेकायचे नाहीत. आणि वीट, निखारा असलं फडक्यात गुंडाळूनही कातडीला कधी लावायचं नाही.

"आणि डोक्यावरून कढत पाणी ओतलं तर?" मी विचारलं.

तिनं पट्टी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं. "कोणी ओतलं?"

"एकाला ओतलं होतं."

"एवढं गारठलेलं माणूस असं एकदम तापवायचं नाही. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. दारू तर नाहीच. दारूनं आतली ऊब बाहेर जाते, नुसतं वाटतं गरम झालं." मग पट्टीची गाठ मारून म्हणाली, "आणि माणूस उकडतंय म्हणून कपडे काढायला लागला, तर तो नशेत नसतो. तो सगळ्यात वाईट असतो."

जाऊ बाकावर बसून हे सगळं ऐकत होती.

मी वाडीत सांगितलं. काहींनी ऐकलं, काही म्हणाले त्याची वेळ आली होती. सवला जाणारे म्हातारे पुढं कधी सवला गेले नाहीत. का, ते मी विचारलं नाही. दार उघडलं असतं तर दीर वाचला असता का, तेही मला माहीत नाही. एका घोंगडीत तिघं मावली नसती. सासूनं मात्र दाराचा तो अडसर काढून चुलीत घातला, आणि ती होती तोवर आमच्या घराला आतून अडसर नव्हता. नंतर पावसात कोणी गारठून आलं की मला बोलावणं यायचं. मी जायची. गुडघे दुखायचे, तरी जायची. दरवेळी आधी दारातल्या माणसांना म्हणायची, बघायचं तर बघा, लाजायचं तर लाजा, पण दार लावायचं नाही.

मधला कूड जावेनं त्याच दिवाळीला काढला. भाकरी अजून तशीच करते.

रेडकू दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं आपण घरी आलं होतं. ओढ्यापलीकडे गेलेल्या दोघांपैकी जाऊ जगली. दीर गेला.