पास केलेलं छप्पर

आमच्या लालबागच्या चाळीचं छप्पर तपासणारे इंजिनीअर यंदा मार्चमध्ये वारले. छप्पर वारा सोसेल का, हे बघायला ते दर मे महिन्यात यायचे. पत्र्याचा एकेक हूक ओढून बघायचे. वाशावर टिचकी मारून त्यालाच विचारायचे, "काय रे, दमलास?"

काही वर्षांपूर्वी चक्रीवादळ आलं, त्या दुपारी आई वरच्या मजल्यावरची आमची खोली सोडेना. तेवढ्यात इंजिनीअर भिजत आले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"अहो, तुम्ही तरी खाली जा," आई म्हणाली.

"छप्पर मी पास केलंय, वहिनी. पडलं तर आधी माझ्या डोक्यावर पडू दे. चहा टाका."

वारा पडेपर्यंत ते उठले नाहीत.

परवा पुन्हा वादळाचा इशारा आला. छप्पर नव्या माणसाने पास केलेलं आहे. आई मात्र कोणी न सांगता खाली आली.