सोमवारी ठेवलेली सभा

माझं लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि माझ्या भावापायी गावाची सभा भरली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे. भाऊ हिंगणघाटला गिरणीत होता. संपात पुढे होता म्हणून काम गेलं आणि तो चार दिवस म्हणून माझ्याकडे आला तो राहिलाच. आमचा कोतवाल दर मंगळवारी ठाण्यात जाऊन रपट द्यायचा: कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाकडे परका माणूस उतरला. इंग्रजांच्या वेळेपासूनची रीत. त्याने माझ्या भावाचंही सांगितलं. ठाणेदाराने भावाला बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि पुन्हा रपटीत आलास तर आत टाकीन, असा दम देऊन सोडलं.

"पाहुण्याले जाऊ दे आता," सासूबाई म्हणाल्या. जाणार कुठे? आम्हाला ना आई, ना बाप.

माझं डोकं सणकलं. मी नवऱ्याच्या मागे लागले, त्याने पंचांना गाठलं आणि बघता बघता गावात दोन तट पडले. एक म्हणे, कोतवाल गावाचा, त्याने ठाण्यात काय सांगायचं ते आधी पंचायतीला सांगावं. दुसरा म्हणे, कोतवाल सरकारचा, त्यात आपण नाक खुपसू नये. निकाल द्यायचा सरपंचांनी, साऱ्या गावाच्या मामाजींनी. बेचाळीसात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्यांचा शब्द ठाणेदारही मोडत नसे. आणि त्यांनी सभा ठेवली कधी? सोमवारी! सोमवारी त्यांचं मौन असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चावडी गच्च भरली. आम्ही बाया बाजूच्या देवळाच्या ओट्यावर. उद्या पुन्हा रपट जाणार होती. सरपंच मधोमध बसून टकळीवर सूत कातत होते. दोन्हीकडचे तावातावाने बोलत आणि शेवटी त्यांच्याकडे पाहत. हे आपले धागा ओढताहेत.

"मान तं हालवा, मामाजी!" कोणीतरी ओरडलं. मानही हलली नाही.

मला राहवेना. पदर डोक्यावर ओढला, ओट्यावरून उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कोतवालबुवा, उद्या ठाण्यात काय सांगाचं हाये ते इथंच सांगा ना. आमी आयकतो."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला असेल. मी मागे वळून पाहिलंच नाही.

कोतवाल वाईट माणूस नव्हता. त्याला लिहिता येत नसे, म्हणून तो रपट पाठ करायचा. आताही तो ताठ उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू झाला. अमक्याच्या घरी मुलगी झाली. तमक्याची म्हातारी गेली. मग म्हणाला, "सरपंचाच्या घरी दोन पाहुणे आलते. एक टोपीवाला. दार लावून बोलत बसले."

चावडी उडालीच! "अबे, सरपंचाची रपट?"

त्याने डोळे उघडले. "बेचाळीसात साहेबानं सांगतलं होतं, याच्या घरावर नजर ठेव. बंद कर म्हनून कोनी म्हटलंच नाई!"

काय हसलो आम्ही! सरपंचही हसले, आवाज न करता, खांदे गदगदा हलवत. पण बोलले नाहीत ते नाहीतच. कोतवाल मधेच थांबला की त्याला पहिल्यापासून म्हणावं लागे. दुसऱ्यांदा तो माझ्या भावापर्यंत पोचला. "गिरनीचा संपवाला, बहिनीकडे दबून बसला हाये."

"दबून?" मी जवळजवळ किंचाळलेच. "परवा तुमच्याच वावरात तूर कापून राह्यला होता ना?"

"हो, कापली त्यानं."

"मंग तसं सांगा!"

पुन्हा पहिल्यापासून. आता अर्धी चावडी त्याच्याबरोबर म्हणत होती आणि भावाची ओळ आली तेव्हा दोन्ही तटांचे लोक एका सुरात ओरडले, "बहिनीकडे पाहुना, वावरात काम करून राह्यला!" मला रडू आणि हसू एकदमच आलं. यापुढे रपट आधी चावडीत म्हणायची, असं तिथेच ठरलं. सरपंचांना विचारायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवारी रपट गेली. ठाण्यातून बोलावणं आलं नाही. आनंदाने मी उड्या मारायची तेवढी बाकी होते, पण सरपंचांवरचा राग जाईना. संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी गेले.

"मामाजी, एक शब्द बोलले असते तं काय बिघडलं असतं?"

"कोतवाल माह्या हाताखाली आला असता, सूनबाई. मंग कोनाच्या घरी कोन आलं, ते माह्या ओसरीवर येऊन सांगत बसला असता. म्हनून तं सभा सोमवारी ठेवली."

"बसू द्याचं होतं. तुमी काय कोनाचं वाईट करनार होते?"

ते मान खाली घालून म्हणाले, "बसतच होता. ठाण्यात जायच्या आधी दर मंगळवारी इथं यायचा. माह्या घरची तेवढी गाळून साऱ्या गावाची सांगे अन् मी गोडीनं आयके. तुह्या भावाचं बी मीच पह्यले आयकलं. सांगू नको, एवढंही माह्या तोंडून निघालं नाई."

मी उठले आणि घरी आले. भाऊ अंगणात बसून, सरपंचांच्या हसण्याची नक्कल करून माझ्या नवऱ्याला हसवत होता. मी त्याला काही सांगितलं नाही.