मिस्त्री आणि कोचबाईंच्या आठ बैठका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चारचौघांत बायकोही तसंच म्हणायची. मोटारीच्या आवरणावर तळवा टेकवून, मान जराशी वाकडी करून ते मिनिटभर उभे राहत आणि बिघाड कुठे आहे ते सांगून मोकळे होत. बहुतेक वेळा तो तिथेच सापडे. म्हणून कंपनीनं त्यांना दुरुस्ती विभागाचं प्रमुख केलं. हाताखाली सहा माणसं, काचेची केबिन, फिरती खुर्ची.

त्या खुर्चीत ते फारसे बसलेच नाहीत. तक्रार आली की माणूस पाठवायचे आणि पाठोपाठ स्वतःही निघायचे. त्या माणसानं पॅनेलचं झाकण उघडलं रे उघडलं की, "हो बाजूला, मी बघतो," म्हणत पाना काढून घ्यायचे. काम झटक्यात व्हायचं, यात वादच नाही. पण वर्षभरात सहातले तिघे सोडून गेले. एकानं राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, 'पिशवी धरण्याचा पुरेसा अनुभव मिळाला आहे.'

व्यवस्थापकांनी तो कागद मिस्त्रींपुढे सरकवला. म्हणाले, "तुमच्यासाठी आम्ही कोच ठरवलाय. आठ बैठका. खर्च कंपनीचा."

घरी मुलगी हसत सुटली. "बाबा, या वयात कोचिंग क्लास?"

"परीक्षा कधी आहे ते आधी सांगा," बायको म्हणाली, "म्हणजे मी टीव्ही बंद ठेवते."

मिस्त्रींनी खरोखरच कोरी वही विकत घेतली.

कोचबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. समोरासमोर दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. फळा नव्हता. मिस्त्री आत शिरताच म्हणाले, "तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार घासतंय."

"सांगते सेक्रेटरींना. बसा. या आठ बैठकांमधून तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नकोय. साहेबांना हवंय."

"साहेबांचं ते साहेब बघतील. इथलं बोलणं त्यांच्याकडे जाणार नाही, तसं मी त्यांना आधीच सांगितलंय."

मिस्त्रींनी वही मिटली. लिहून घेण्यासारखं बाई काही सांगतच नव्हत्या, नुसत्या विचारत होत्या. दुसऱ्या बैठकीत ते वैतागले. "तुम्हाला लिफ्टमधलं काय कळतं?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारता येतं. दुसऱ्यानं काम केलं तर काय होईल?"

"चुकेल."

"चुकलं तर?"

मिस्त्रींनी वही उघडली आणि पुन्हा मिटली. वेळ संपली तेव्हा ते तसेच उठले.

तिसऱ्या बैठकीत बसल्या बसल्या त्यांनीच सुरुवात केली. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. ज्यांच्या हाताखाली ते शिकत होते ते उस्ताद मशीनजवळ वाकून काहीतरी तपासत होते. मिस्त्री दाराजवळ. उस्तादांचं काम झालं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी स्विच टाकला. उस्तादांची दोन बोटं गेली. ते कधी एका शब्दानंही बोलले नाहीत, ना साहेबांना, ना मिस्त्रींना. घरी बायकोलाही हे आजवर ठाऊक नव्हतं.

तुमचा दोष नव्हता, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय माहीत असायला हवं होतं?"

"आधी हाक मारायची. आतून उत्तर आल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही."

"हे तुमच्या माणसांना सांगितलंय?"

सांगायची वेळच आली नव्हती. त्यांनी कुणाला स्विचजवळ फिरकूच दिलं नव्हतं.

त्या आठवड्यासाठी काय करायचं ते त्यांनी स्वतःच ठरवलं: एका कामावर जायचं आणि अवजाराला हात लावायचा नाही. बाईंनी फक्त तारीख विचारून घेतली.

काम निघालं ते एका सहा मजली इमारतीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती आणि आत एक आजी होत्या. मिस्त्रींबरोबर बारकी होती. तिशीची, चणीनं लहान, म्हणून सगळ्यांची बारकी. चार वर्षांच्या नोकरीत तिनं मुख्यतः बॅटरी धरली होती. मिस्त्रींनी तिला जिन्यातच थांबवून हाक मारण्याचं, उत्तर ऐकण्याचं नीट सांगितलं. "वर मशीनरूममध्ये तू जा. मी इथे थांबतो."

बारकीनं दोनदा वळून पाहिलं. मग ती वर गेली.

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर बंद दारापाशी उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून खिशात घातले. दहा मिनिटं झाली. त्यांनी एवढ्यात केव्हाच काम उरकलं असतं. ते चार पायऱ्या चढले आणि परत उतरले.

"बाहेर कुणी आहे का?" आतून आजींचा आवाज आला.

"आहे ना. लिफ्टवालाच आहे."

"मग नुसते उभे काय? काम करा की!"

"काम वर चाललंय, आजी. माझं काम आज उभं राहण्याचंच आहे."

"बरी नोकरी आहे तुमची!"

मिस्त्रींना हसू आलं. बावीस वर्षांत अडकलेल्या माणसाशी ते कधी बोलले नव्हते. त्यांचं बोलणं यंत्राशी. आजी शाळेत भूगोल शिकवायच्या. आता त्यांचे गुडघे दुखत होते आणि श्वास भराभर चालला होता. मिस्त्रींनी त्यांना पिशवीवर टेकून बसायला लावलं, वर झरोका आहे, हवा येतेय, हे समजावलं आणि मग नद्या कुठून उगम पावतात ते विचारत राहिले. आजींनी त्यांची दोन उत्तरं चुकीची ठरवली.

वरून बारकीची हाक आली, "हलवते हो! दारापासून लांब आहेत का?"

मिस्त्रींनी आधी आजींना विचारून घेतलं. मग ओरडले, "आहेत! हलव!"

लिफ्ट इंच-इंच करत खाली दुसऱ्या मजल्यावर टेकली. दाराच्या कुलपातल्या विजेच्या जोडणीवर धूळ बसली होती, म्हणून दार बंद असूनही लिफ्टला ते उघडं वाटत होतं. एकूण पस्तीस मिनिटं लागली. मिस्त्रींनी खाली उभ्या उभ्या मनात जो दोष ओळखला होता, तोच निघाला. पण तिनं तो आपला आपण शोधला होता. त्या संध्याकाळी तिनं ऑफिसात तो प्रसंग तीनदा सांगितला.

मिस्त्री आता पाना दुसऱ्याच्या हाती देऊन शेजारी उभं राहून शिकवू लागले. पुढच्या बैठकांत बाई विचारत, या आठवड्यात केव्हा बरं वाटलं? उत्तर दर वेळी एकच यायचं: शिकवताना. केबिनमध्ये, कागदांत, रजांच्या अर्जांत कधीच नाही. सातव्या बैठकीत मिस्त्री म्हणाले, "हे पद माझं नाही."

"हे दमून म्हणताय, की कळून?"

त्यांनी आठवडाभर विचार केला आणि आठव्या बैठकीला सांगितलं, "कळून."

व्यवस्थापक चांगलेच तापले. "सुधारायला पाठवलं होतं तुम्हाला, पद सोडायला नाही! आम्ही त्या बाईंना काय यासाठी बोलावलं?" मिस्त्रींनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं: गोदामातली जुनी लिफ्ट उभी करायची, नव्या माणसांना तीन महिने तिच्यावर शिकवायचं आणि विभाग बारकीकडे द्यायचा. होकार यायला पाच महिने लागले. तोही, आणखी एकानं राजीनामा टाकला तेव्हा.

नातेवाइकांत, मिस्त्रींना खाली उतरवलं, अशी कुजबुज झाली. मेहुण्यानं तर सांत्वनाचा फोन केला. बायकोनं तो घेतला आणि म्हणाली, "अहो, ते जेवायला वेळेवर घरी येतात आता. तुम्हीही कुणाकडून तरी स्वतःला उतरवून घ्या."

बारकीला प्रमुखपद सोपं गेलं नाही; पहिल्या वर्षी ती दोनदा मिस्त्रींशी कडाडून भांडली. नंतर तिनं स्वतःसाठी कोच मागून घेतला. गोदामात दोन वर्षांत चौदा जण शिकले. त्यातले पाच दुसऱ्या कंपन्यांत निघून गेले आणि व्यवस्थापक त्यावरून अजून कुरकुरतात. मिस्त्री त्यांना सांगतात, "तिथल्या लिफ्टमध्येही माणसंच चढतात, साहेब."