मी न बोललेलं वाक्य

अमावस्येला नवीन गाडी आणू नये म्हणून नवरा अडून बसला, तेव्हा त्याच्याशी भांडून मी मुद्दाम अमावस्येलाच स्कूटी घरी आणली होती. एवढ्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी स्टाफरूममध्ये डबा खाताना वाचायचे, तेही करमणूक म्हणून. "यांना बरोबर एकट्यालाच दिसतं सगळं," असं म्हणून हसायचे. माझ्या बाबतीत जे झालं ते मात्र खोलीभर बायकांच्या देखत, भर दुपारी, लख्ख उजेडात झालं. आणि त्यात विचित्र वागले ती मीच... म्हणजे बहुतेक मीच. सांगते.

मी जालन्यात एका कॉलेजच्या इंग्रजी विभागात शिकवते. गेल्या वर्षी आमच्या विभागाने आष्टीच्या बायकांसाठी लिहिण्या-वाचण्याची कार्यशाळा सुरू केली. आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातलं मोठं गाव. खरं सांगायचं तर सुरुवात कागदोपत्री दाखवायला म्हणूनच झाली होती. पण बायका यायला लागल्या आणि थांबेचनात. कुणाला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायचं होतं, कुणाला सुनेच्या मोबाइलवर आलेला मेसेज. गयाबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, मला अंगठा न्हाई द्यायचा आता कुठं. सही शिकवा, इंग्लिसमधी."

वर्ग बाजाराजवळच्या एका जुन्या हॉलमध्ये भरायचा. सिमेंटचा स्लॅब, खाली सतरंज्या. मी, बायका आणि माझे सहकारी काळे सर.

समोरच्या रांगेत शमीम आपा बसायच्या. शिवणकाम करायच्या, वय साठीच्या आसपास. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मोठा ताप आला आणि दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं. बोलायच्या व्यवस्थित, जरा मोठ्याने. समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. म्हणून मी काही सांगताना त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलायचे. त्या पाटीवर लिहीत असल्या तर आधी खांद्याला हात लावून त्यांना वर बघायला लावायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी डिक्टेशन होतं. सोपे शब्द - सिट, स्टँड, कम, गो. काळे सर अहवालासाठी दाराशी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. कविता नावाची एक तरुण मुलगी तान्ह्या लेकराला घेऊन यायची. ते भिंतीच्या कोपऱ्यात दुपट्यावर झोपलं होतं. पंखा गरगरत होता. मी फळ्याला पाठ करून म्हणाले, "सिट डाऊन. लिहा. सिट... डाऊन."

आणि सगळ्या उठल्या.

एकदम. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाट्या तिथेच टाकल्या, पदर-दुपट्टे सावरले आणि दाराकडे निघाल्या. मला आधी हसू आलं. वाटलं, सिट आणि स्टँडमध्ये गोंधळ झाला.

"अहो, लिहायचंय! उठायचं नाही!"

कुणी ऐकेना. कविताने झोपलेलं लेकरू खसकन उचललं, ते रडायला लागलं. मी वैतागून म्हणाले, "अगं, त्याला तरी झोपू दे!" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वेड्यासारखं बोलतेय. बायकांच्या लोंढ्यात काळे सर पण बाहेर ढकलले गेले. मी रागारागाने मागोमाग गेले. सगळ्यांना ओरडून आत आणावं म्हणून. पायऱ्या उतरून बाहेरच्या कडुलिंबाखाली पोचले नसेन तोच...

आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. जमीन पायाखालून हलली. दारातून पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर आला आणि काही वेळ कुणाला काही दिसेना.

धूळ बसल्यावर आत पाहिलं. स्लॅबचा मधला सगळा भाग खाली आला होता. सतरंज्या दिसतच नव्हत्या. कविताचं लेकरू जिथे झोपलं होतं, त्या कोपऱ्यात सिमेंटचा एक अख्खा तुकडा, गंजलेल्या सळयांसकट. कविता मटकन खाली बसली आणि लेकराला छातीशी धरून त्याचे पाय, हात, डोकं चाचपत राहिली.

मग गयाबाई आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडल्या.

"मॅडम, तुमच्यामुळं वाचलो. तुम्ही म्हणल्या नसत्या तर मेल्तो आम्ही."

"मी काय म्हणाले?"

"आता! तुम्हीच तर वरडल्या न... भायेर व्हा, जल्दी भायेर व्हा!"

मागून एक भाभी म्हणाल्या, "हमकू बोले, बाहर निकलो. बिलकुल साफ बोले."

आणि कविता खालूनच, रडत म्हणाली, "मला म्हणल्या, लेकराला उचल."

मी काळे सरांकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते. हळूच म्हणाले, "मॅडम, मी तर सिट डाऊनच ऐकलं."

गावभर झालं की मॅडमनी वाचवलं. कुणी नारळ आणला, कुणी चहा. मी परत परत सांगत होते की मी असं काही बोललेच नाही. बायकांना वाटलं मी मोठेपणा नको म्हणून असं सांगतेय.

काळे सरांचा मोबाइल हातातच राहिला होता, व्हिडिओ चालूच. तो आम्ही दुसऱ्या दिवशी विभागात बसून पाहिला. माझा आवाज स्वच्छ आहे. "सिट डाऊन. लिहा. सिट... डाऊन." बाहेर व्हा नाही, बाहर निकलो नाही, लेकराला उचल नाही. माझे ओठही तेच म्हणताहेत. आणि मग बायका उठतात.

काळे सरांनी एक अर्थ लावला. स्लॅब पडण्याआधी आतून बारीक कडकड झाली असणार, आपल्याला ती जाणवली नाही, बायकांना जाणवली, आणि घाबरलेल्या मनाने त्या आवाजाचे शब्द केले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बरोबर, असंच झालं असणार. मी घरी जाऊन नवऱ्यालाही हेच सांगितलं.

पण रात्री जेवताना घास हातातच राहिला. उठलेल्या बायकांत शमीम आपाही होत्या, आणि त्यांना तर कडकडही ऐकू येणार नव्हती.

काळे सरांनी मला पाठवलेला व्हिडिओ पुन्हा लावला. शमीम आपा पाटीवर वाकलेल्या आहेत. मान पूर्ण खाली. माझ्याकडे बघतच नाहीयेत. शेजारणीचा हात लागलेला नाही, कुणी अजून हललेलंही नाही. आणि सगळ्यांत आधी उठतात त्या शमीम आपा. बाकीच्या नंतर.

रविवारी मी एसटीने आष्टीला गेले. शमीम आपा ओसरीवर शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. मी समोर बसून सावकाश विचारलं, "आपा, त्या दिवशी तुम्ही का उठलात?"

"तुम बोले ना, बाहर निकलो."

"पण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली होती."

"हौ. देखी नहीं मैं." त्यांनी कानाला बोट लावलं. "सुनी."

मी म्हणाले, आपा, तुम्हाला तर...

"मेरेकू भी मालूम है." त्या मध्येच म्हणाल्या. "घर में बोली नहीं मैं किसी को. बोलेंगे बुढ़ी का दिमाग चल गया. पर सुनी मैं. इत्ते बरसों बाद." मग विचारलं, "तुमारी आवाज बैठी हुई है ना थोडी? सर्दी हुए सरीखी?"

माझा आवाज जन्मापासून बसका आहे. फोनवर लोक मला सर म्हणतात. त्यांना ते कुणी सांगितलं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ज्या तऱ्हेने त्या विचारत होत्या, त्यात ऐकीव माहितीची खात्री करून घेणं नव्हतं... स्वतः ऐकलेल्या आवाजाची ओळख पटवणं होतं.

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, एक बार और बोलो ना."

आणि डोळे मिटून घेतले. ओठ दिसू नयेत म्हणून. कान माझ्याकडे करून, मान जराशी खाली घालून बसल्या.

मी बोलले. आधी हळू, मग मोठ्याने, मग त्यांच्या अगदी कानाशी. "बाहर निकलो. आपा, बाहर निकलो." शेजारच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तरी मी बोलत राहिले. शमीम आपांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बऱ्याच वेळाने, डोळे तसेच मिटलेले ठेवून त्यांनी विचारलं,

"बोले क्या?"

त्या दिवशी माझ्या आवाजात कोण बोललं, मला अजूनही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा. फक्त मनाचे खेळ होते म्हणू नका... ते मी स्वतःला म्हणून पाहिलंय.