दादाच्या रक्ताची काच

पाचवीनंतर माझी शाळा सुटली आणि हाताला चिंच लागली. भंडाऱ्यात आमच्या घरी दुकानांतली पितळेची भांडी उजळायला यायची. आई राख चाळायची, मी चिंचेच्या कोळाने पाण्याचे गुंड, पराती घासायची. आता मी गुजरातेत राहते, इथे सगळी स्टीलची भांडी. तरी चिंच भिजवली की त्या वासाने जीव आमच्या अंगणात जातो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, राइस मिलमध्ये कामाला. सन ऐंशीच्या आसपास त्याच्या मानेवर गाठ आली. आधी हळदीचा लेप झाला, मग टीबी समजून इंजेक्शनं झाली. गाठी वाढतच गेल्या. संध्याकाळी ताप यायचा, घामाने बंडी पिळून निघायची. शेवटी एका डॉक्टरांनी त्याच्या बोटातलं रक्त दोन काचपट्ट्यांवर पसरून, वाळवून कागदात गुंडाळून दिलं. उद्या सकाळच्या एसटीने नागपूरला नेऊन दाखवा, म्हणाले. दादाने पुडी फळीवर ठेवली आणि तो मिलमध्ये सुट्टी मागायला गेला.

पुडीत काय आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं. उघडली तर काचेवर तपकिरी डाग. डाग दिसला की घासायचा, एवढंच माझ्या हाताला माहीत. दादा परत आला तेव्हा दोन्ही पट्ट्या परातींशेजारी उन्हात चमकत होत्या.

त्याने एक उचलून उजेडात धरली.

"माहं रगत कुठी गेलं, वो बाई?"

मला कळलंच नाही. आईला कळलं. तिने हात उगारला, तर दादा मध्ये आला.

"राहू दे ना माय. एवढं चकचकीत त कोनाचंच रगत नसन."

तो हसला. आई हसली नाही. त्या डॉक्टरांचा दवाखाना तोवर बंद झाला होता. दादा म्हणाला, काच नाही तर नाही, मीच जातो. माय, तूही चल, आणि हिलेही संग नेऊ, इथं राहिली तर जेवणार नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी ताजं रक्त घेतलं. दुर्बिणीत बराच वेळ पाहिलं, आणखी दोघांना बोलावून दाखवलं. पुढे गाठीचा तुकडा तपासून त्यांनी सांगितलं, गाठींचा कॅन्सर आहे, झपाट्याने वाढणारा. हा बहुतेक गाठींतच राहतो. दादाच्या मात्र रक्तातही त्याच्या पेशी फिरत होत्या. असं क्वचितच दिसतं, म्हणाल्या.

मी घाबरत विचारलं, "मी काच धुतली म्हणून त रक्तात नाही गेला ना?"

त्या हसल्या नाहीत. "नाही गं. नुसती काच आली असती तरी मी माणसालाच बोलावलं असतं. तुमचे दिवस वाचले."

मग सलाईनमधून लाल औषध सुरू झालं. दादाचे केस गेले. शेजारच्या खाटेवरच्यांना तो माझी ओळख करून द्यायचा, हे माही बहीण, इच्यापासून आपलं रगत लपवून ठेवा. दुपारी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकायचा आणि मोठ्याने वाचायला लावायचा. मी अडले की डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगायचा. आज हे एवढं लिहिता येतं ते त्या दुपारींमुळे.

तिसऱ्या महिन्यात बाई म्हणाल्या, रक्तात आता त्या पेशी दिसत नाहीत. दादा मिलमध्ये परतला. एक दिवाळी आम्ही चारचौघांसारखी धडपणे केली. पुढच्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा आजार पुन्हा रक्तात उतरला, आणि या वेळी औषधाने ऐकलं नाही.

दादा गेल्यावरही आईने त्या काचेचा विषय परत कधी काढला नाही. मीच तिला विचारायची, दिवस वाचले असं डॉक्टरीणबाई खरंच म्हणाल्या होत्या ना? ती म्हणायची, म्हणाल्या होत्या वो. ती होती तोवर मी विचारत राहिले. आता विचारायला कोणी नाही, म्हणून बाईंचं ते वाक्य मीच स्वतःला सांगते.